मागची कडी

रिगला तोंड नसतं. जहाजाला पुढं नाळ असते, मागं सुकाणू असतं, त्यामुळे ते कुठं निघालंय हे लांबूनही कळतं. समुद्राच्या तळात तेलासाठी खोदणारी जॅक-अप रिग म्हणजे एक अवाढव्य तिकोनी लोखंडी डबा. तीन कोपऱ्यांत जाळीदार खांबांसारखे तीन पाय. कामाच्या जागी ते पाय समुद्राच्या तळाला टेकतात आणि डबा पाण्याच्या वर उचलला जातो. जागा बदलायची असली की उलट: डबा पाण्यावर उतरतो आणि पाय वर जातात, शंभर-सव्वाशे मीटर, सरळ आभाळात. अशा रिगला बहुतेक वेळा स्वतःची चाल नसते. पाण्यावर मोकळी सोडली तर वारा नेईल तिकडं जाईल, आणि जाता जाता स्वतःभोवती फिरेल.

मुंबईच्या बंदरात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. आमच्याकडे अशी एक वस्तू होती. गुळाची काहील.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. आम्ही गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. गावाची शेती अल्याड आणि निम्मे सोयरे पल्याड. उन्हाळ्यात पात्रातून बैलगाडी जायची. पावसाळ्यात गंगा दोन्ही थड्या भरून चालली की पूल लांब पडायचा, मग गुऱ्हाळावरची काहील खाली उतरवायची. उसाचा रस कढवायची ती लोखंडी काहील, सात-आठ फूट रुंद, बुडाला पसरट, काठाला कड्या. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, म्हणून तिला हे काम. माहेरवाशिणी, खताची पोती, एकदा तर अडलेली बाई, सगळं काहिलीत बसून पल्याड गेलंय.

दोन पट्टीचे पोहणारे दोर घेऊन पुढं असायचे. थडीवरच्या लोकांना तेच दिसायचे. माझा चुलता, तात्या, मागं असायचा. मागच्या कडीला हात आणि अंग पाण्यात. मला वाटायचं, तात्याला धड पोहता येत नसेल म्हणून तो धरून येतो. एकदा विचारलंच. तो म्हणाला, "पुढचे वढत्यात, त्ये खरंय. पर गंगा काहिलीला गरगर फिरवती. ती फिरू नये म्हणून मागं माणूस लागतो. अन् थडी आली की आपटू नये म्हणूनबी."

निघतानाही ते कधी समोर बघून निघत नसत. काहील थडीथडीनं वरच्या अंगाला अर्धा मैल ओढत न्यायची आणि मगच पाण्यात घालायची. गंगा जेवढं खाली नेणार तेवढं आधीच पदरात घ्यायचं. हे गणित ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते.

समुद्र पाहायच्या कितीतरी आधी मी रिग पाहिली होती, एक रुपयाच्या नोटेवर. नोटेच्या मागच्या बाजूला पाण्यात उभं असलेलं ते लोखंडी धूड आम्ही पोरं पाण्याची टाकी समजायचो. ती 'सागर सम्राट' होती. जपानमध्ये मित्सुबिशीच्या हिरोशिमातल्या कारखान्यात बांधलेली, १९७३ साली ओएनजीसी या तेल कंपनीच्या ताफ्यात आलेली. फेब्रुवारी १९७४ मध्ये तिनंच मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत समुद्रात तेल शोधलं. बॉम्बे हाय. मे १९७६ पासून तिथलं उत्पादन सुरू झालं, पुढं समुद्राखालून नळ टाकून ते तेल उरणला आणलं. उरणच्या प्रकल्पात स्वयंपाकाचा गॅसही निघतो. आमच्या घरात पहिल्यांदा सिलिंडर आला तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. त्याची पूजा करताना तो कुठून आला हे तिला विचारायचं सुचलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं.

मी मुंबईला आलो २००१ साली, दहावीनंतर, परभणीहून रात्रीच्या गाडीनं. भाऊच्या धक्क्यावर मामा हमालीच्या कामाला होता. त्याच्या ओळखीनं बंदरातल्या एका टगबोटीवर खलाशी म्हणून लागलो. आठ जणांत सात कोकणातले, आणि मी एकटा कोरडवाहू. आमचे सारंग, म्हणजे टग चालवणारे, हर्णैचे, साठीला आलेले, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पोहता येतं का रे?" मी म्हटलं, "गंगेत येतं." त्या दिवसापासून माझं नाव गंगा पडलं, ते आजही काही जुन्या लोकांच्या तोंडी आहे.

चाचांकडून मी आधी दोन शब्द शिकलो. 'आरिया' म्हणजे ढील दे, 'हाबेस' म्हणजे ओढ. जुन्या खलाशांची ही बोली, तिच्यात पोर्तुगीजांपासून कितीतरी जणांचे शब्द मिसळलेत. गोदीतल्या कुठल्याही आवाजात हे दोन शब्द ऐकू येतात, कारण चुकून एकाच्या जागी दुसरा ऐकला तर बोट जातं, कधी हात जातो. नंतर पाणी बघायला शिकलो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा मुंबईत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा कमी. भरती संपून ओहोटी लागायच्या मधे पाणी थोडा वेळ थबकतं. मोठं काम करायचं ते त्या थबकल्या वेळात.

पगार झाला की मी घरी सांगायचो, मी मोठी जहाजं ओढतो. ते खरं नव्हतं, आणि खोटं बोलायचा हेतूही नव्हता. मलाही तसंच वाटायचं. टग म्हणजे ओढणारा. बंदराबाहेरच्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. टगची ताकदसुद्धा ओढीतच मोजतात: किनाऱ्यावरच्या खुंटाला दोर बांधायचा, मधे वजनमाप लावायचं, इंजिन पूर्ण सोडायचं आणि किती टनांची ओढ लागते ते पाहायचं. पन्नास टनांचा टग, साठ टनांचा टग. पण रिगचं वजन आठ-दहा हजार टन असतं. ती एकदा चालायला लागली की पन्नास टनांची ओढ तिच्यापुढं किती? ती चालवायला फार ताकद लागत नाही. हळूहळू का होईना, चालते. ती थांबवायची कशी, हा खरा प्रश्न.

बॉम्बे हायवरून रिग निघते तेव्हा तिच्यापुढं भर समुद्रातले दमदार टग असतात, त्यांची पोलादी तार शेकडो मीटर लांब सोडलेली. तार पाण्यात झोळासारखी लोंबते. तो झोळ म्हणजे दोघांमधली स्प्रिंग, लाटेचा धक्का तोच खातो. चाल ताशी सात किलोमीटर. आषाढीला आमच्या गंगाखेडहून दिंडी निघते, तिच्यातला धट्टाकट्टा माणूस चालतो त्याहून थोडी जास्त. म्हणजे मुंबईपर्यंत जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र. पावसाळा लागायच्या आत हे उरकायचं असतं, कारण नैऋत्येची लाट उठली की रिग हलवायचं कुणी नाव काढत नाही.

बंदराच्या तोंडाशी, प्राँग्जच्या दीपगृहाजवळ, पाणी उथळ होतं. लांब तारेचा झोळ तळाला लागेल म्हणून तार आखूड घेतात. आखूड झाली की स्प्रिंग गेली, आता प्रत्येक हिसका थेट बसतो. इथंच आम्ही बंदराचे टग जाऊन तिला लागतो. दोन बाजूंना, एक-दोन मागं. रिगच्या डेकवरून गुंडी बांधलेली बारीक दोरी भिरकावतात, ती पकडायची, तिला जाड दोर बांधून वर पाठवायचा. खाली उभं राहून वर पाहिलं तर पाय दिसतच राहतात, संपत नाहीत. माझी टोपी दोनदा अशीच पाण्यात गेली.

रिग गोदीत कधी जात नाही. मुंबईची सगळ्यात मोठी इंदिरा गोदी, १९१४ साली उघडलेली, तिच्या दाराची रुंदी तीस मीटर. रिगची एक बाजू त्याच्या दुप्पट. म्हणून तिला बंदरातच ठरल्या जागी उभी करतात. पायलट, म्हणजे बंदरातली वाट दाखवणारा, रिगच्या डेकवर असतो, वॉकीटॉकीवरून एकेका टगला हुकूम देतो, आणि टगनं तो हुकूम शब्दाशब्दानं परत म्हणायचा. सगळं हळू आवाजात. मी एवढ्या वर्षांत चांगला पायलट ओरडताना ऐकला नाही.

पाण्याचं बघितलं तरी वारा राहतोच. तीन पाय म्हणजे तीन शिडं, फक्त गुंडाळता न येणारी. मे महिन्यात सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा, पडते आणि दुपारी समुद्राचा वारा चढतो, म्हणून दुपारच्या आत काम संपवायचं.

आता मला जे सांगायचंय ते २००९ सालचं. मी तेव्हा सारंगाच्या हाताखाली टंडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, होतो. टग जुना, दोर अडकवायचा हुक मधोमध असलेला. आम्ही रिगच्या मागं होतो. पुढच्या टगनं जरा जास्त ओढ घेतली असेल, भरतीचा जोरही बाकी होता. रिगची चाल वाढली आणि आम्ही मागं ओढले जायला लागलो. मागं लागलेल्या टगनं नेहमी दोराच्या रेषेत राहायचं. आमचं तोंड जरासं वळलं, पाण्यानं ते आणखी वळवलं, आणि बघता बघता टग दोराला आडवा झाला.

दोर आधी आवाज करतो. ओल्या चामड्यासारखा करकरतो. मग त्याच्यातून पाणी पिळून निघायला लागतं, बारीक वाफेसारखं. ते दिसलं की दोराच्या सरळ रेषेत उभं राहायचं नसतं, आणि मी नेमका तिथंच उभा होतो. चाचांनी हात धरून मला खाली पाडलं. तोवर टग कलला होता. डेकची एक बाजू पाण्याखाली गेली, स्वयंपाकघरातून भाताचं पातेलं घसरत दाराबाहेर आलं. हुक सोडायची मूठ ओढली तर ती गंजून बसलेली. चाचांनी भिंतीवरचा घण घेतला आणि हुकावर मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला हुक उघडला, दोर सुटून पाण्यावर सापासारखा गेला, आणि टग असा उसळून सरळ झाला की आम्ही सगळे दुसऱ्या बाजूला फेकले गेलो.

कुणाला काही झालं नाही. रिगला दुसऱ्या टगनं धरलं. पायलटनं एवढंच विचारलं, "सगळे आहेत ना?"

नंतर चाचा मला इंजिनरूमच्या दारापाशी घेऊन गेले. दार सताड उघडं होतं. उकाडा होता म्हणून मीच सकाळी उघडून ठेवलं होतं. उंबरठ्यापासून चार बोटांवर ओल दिसत होती, पाणी तिथवर येऊन गेलं होतं. चाचा म्हणाले, "हुक गंजला ती मालकाची चूक. ह्ये दार तुझी. पानी आत गेलं असतं तर घणाचा काय उपेग न्हवता." माझ्यावर ते कधी रागावले नव्हते आणि त्या दिवशीही रागावले नाहीत. मी त्या दाराशी बसून राहिलो. संध्याकाळी घरी फोन केला आणि तात्याला सगळं सांगितलं, दारासकट. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "मागच्यानं झोपायचं नसतं, पोरा."

टग दोराला आडवा होऊन उलटणं, याला आमच्यात गर्टिंग म्हणतात. सगळ्या जगातले टगवाले याच्याच धाकात असतात, कारण ते काही क्षणांत होतं आणि बुडणाऱ्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. आताचे टग वेगळे आहेत. त्यांचे पंखे चारी दिशांना फिरतात, हुकाऐवजी विंच असते, बटण दाबलं की दोर सुटतो. तरी नवा खलाशी आला की मी त्याला आधी दारं लावायला शिकवतो, दोर नंतर.

या कामात मोठा धक्काच लागतो असं नाही. २७ जुलै २००५, मुंबई पाण्यात गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बॉम्बे हायच्या उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मला 'समुद्र सुरक्षा' हे मदतीचं जहाज घासलं. जखमी स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर चढवायला ते जवळ गेलं होतं. वायू वाहणारा नळ फुटला आणि प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. २२ माणसं गेली. मी तेव्हा नवा होतो. जवळ जाणं हेच आमचं काम आहे आणि जवळ जाण्यातच धोका आहे, हे तेव्हा कळलं.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा मी गावी होतो. करोनाची दुसरी लाट, घरात दोघं आजारी, म्हणून सुट्टी वाढवली होती. फोनवर बातम्या येत होत्या. पी-३०५ नावाच्या राहत्या बार्जचे नांगर सुटले, ती भरकटली आणि बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती, त्यांतल्या १८६ जणांना नौदलानं आणि तटरक्षक दलानं वाचवलं. त्याच वादळात 'वरप्रदा' नावाचा टगही बुडाला. त्याच्यावर १३ जण होते, २ वाचले. वर्तमानपत्रांत बार्जचंच नाव मोठं होतं, आणि ते बरोबरही होतं, तिथं जास्त माणसं गेली. पण मी त्या अकरा जणांच्या बातम्या शोधत राहिलो. मला माहीत होतं, वादळात टगवर कोण कुठं उभं असतं, कुणाचा हात कुठल्या मुठीवर असतो. अंगणात बसून मी ते एकेक ठिकाण मोजलं. आई म्हणाली, "काय मोजायलास?" मला सांगता आलं नाही.

आमच्या भागातल्या लोकांना वाटतं, समुद्रावर काम म्हणजे पाण्याची चैन. २०१६ च्या उन्हाळ्यात हे फार बोचलं. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमची गंगा वाळूचा पट्टा झाली होती, बाया पात्रात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. त्याच सुमाराला तेलाचे भाव कोसळले होते. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप २०१६ च्या जानेवारीत तीसच्या खाली आलं, आणि जगभर रिग बंदरांतून रिकाम्या उभ्या राहिल्या. आमच्याकडेही काम आटलं. मी घरी आलो तर कोरडं, परत गेलो तर बिनकामाचं. काहील तेव्हा अंगणात उपडी पडलेली असायची. तात्यानं ती सरळ केली आणि टँकरचं पाणी साठवायला वापरली. काहिलीत पाणी, पाण्यात काहील नाही. त्याला ते बघवत नसे, तो तिच्याकडे पाठ करून बसायचा.

सारंगाची परीक्षा मी दुसऱ्या प्रयत्नात पास झालो, पुढं मास्टरची. २०२२ च्या मेमध्ये माझ्या हाताखालच्या टगला पहिल्यांदा रिगच्या मागची जागा मिळाली. (त्याच वर्षी डिसेंबरात जुनी 'सागर सम्राट' नवं रूप घेऊन पुन्हा समुद्रात उत्पादनाला लागली. आता ती खोदत नाही, तेल गोळा करते. नोटेवरचं धूड पन्नाशीला आलं तरी कामावर आहे, याचा मला उगीच आनंद होतो.)

पहाटे चारला निघालो. चंद्र नव्हता, खांदेरी बेटावरचा दिवा दिसत होता. उजाडताना रिगचे पाय आधी दिसले, खालचा डबा धुक्यात. दोर लागला. मी आपला रेषेत राहिलो, थोडा ताण ठेवून, कधी वीस टन, कधी दहा. तासन् तास काहीच घडत नाही असं बघणाऱ्याला वाटेल. हात मात्र सारखा मुठीवर चालू असतो, कणाकणानं. रिग वळायला लागायच्या आधी तिचा कल दोरात कळतो. मला तो पायांखालच्या डेकमधून कळला. कसा, ते सांगता येत नाही.

पाणी थबकलं तेव्हा आम्ही जागेवर होतो. पायलट म्हणाला, "मागचा टग, पूर्ण ओढ." मी ते परत म्हटलं आणि पूर्ण ओढ दिली. दोर करकरला, पाणी पिळून आलं. माझ्या डेकवर दोराच्या रेषेत कुणी नव्हतं. रिग थांबली. मग पाय खाली जायला लागले, दात्यांच्या चाकांवरून, दर मिनिटाला जेमतेम दिसेल एवढे. चिखलात रुतले. टाक्यांत समुद्राचं पाणी भरून वजन वाढवायचं, पाय आणखी खचतात का पाहायचं, आणि मगच डबा वर घ्यायचा, हे त्यांचं काम पुढं रात्रभर चालणार होतं. पुढचा टग सोडला, बाजूचे सोडले. सगळ्यात शेवटी आम्हाला सोडलं.

दुपारी वारा चढला होता. दोर वेटोळं घालून ठेवला, चहा घेतला आणि तात्याला फोन लावला. तो आता ऐंशीच्या पुढं आहे, कानानं कमी. मी ओरडून सांगितलं, रिग आणली, दहा हजार टनांची, सव्वाशे मीटर उंच. त्याला टन आणि मीटर यांत रस नव्हता.

"मागं कोण व्हतं?" त्यानं विचारलं.

"मीच होतो, तात्या."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"दार लावलं व्हतंस का?"

"लावलं होतं."